रिपोर्ट नॉर्मल होते तेव्हा

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमची बरीच वर्षं गेली. तिथे स्वयंपाक दार उघडं टाकूनच व्हायचा. कोणी ना कोणी मराठी शेजारीण डोकावायचीच. मग मयूर विहारच्या नव्या सोसायटीत स्वतःचा फ्लॅट झाला. आनंदच होता. पण तिथे राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांत माझ्या छातीत धडधडायला लागलं.

नवरा ऑफिसला आणि मुलगी कॉलेजला गेली की धडधड सुरू व्हायची. घास घशाखाली उतरेना. ईसीजी झाला, रक्त तपासलं, थायरॉइडही पाहिलं. सगळं नॉर्मल. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं, "दिनभर आप किससे बात करती हैं?"

माझे डोळे भरून आले.

"अगं, मला सांगायचंस ना," बाहेर आल्यावर नवरा म्हणाला. काय होतंय ते मलाच कुठे कळत होतं?

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटींनी बेल वाजवली. एकट्याच राहायच्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर पट्टी. "बेटा, अखबार पढ़ दोगी? दुनिया में क्या हो रहा है, कुछ पता नहीं।"

माझं हिंदी भाजीबाजारापुरतंच. वाचता वाचता 'सरकार चेष्टा कर रही है' असं आलं आणि मी थांबले. "आंटी, सरकार किसका मज़ाक उड़ा रही है?"

त्या पोट धरून हसल्या. "अरे, चेष्टा मतलब कोशिश!" मग आपल्याकडे चेष्टा म्हणजे काय ते मी सांगितलं, आणि दोघींना पुन्हा हसू लोटलं. त्यांनी केलेला मेथीचा पराठा मी अख्खा खाल्ला, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं.

पट्टी निघाली तरी वाचन चालूच राहिलं. धडधड नेमकी कधी थांबली ते आठवत नाही. एक दिवस आंटीच म्हणाल्या, "मेरा बीपी भी ठीक रहने लगा है। डॉक्टर ने गोली आधी कर दी।"

म्हणजे उपचार दोघींवर चालले होते!

पुढे त्या मुलाकडे राहायला गेल्या. निघताना मी वाकून नमस्कार केला, तर त्यांनी मला उठवून घट्ट मिठी मारली. त्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हा एखादी गोळी लिहून दिली असती, तर मी ती मुकाट्याने घेतही राहिले असते. त्यांनी प्रश्न विचारला आणि आंटींनी हक्काने मदत मागितली. दोघींचे माझ्यावर फार उपकार आहेत.