चार महिने गप्प बसलेला तलाठी

माझी थोरली बहीण सांगलीजवळ माधवनगरला एकटीच राहते. तिला दिसत नाही. तिच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मीच घातलं, आणि पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅमही. त्याच्या नाकातल्या आवाजाला ती 'पडसं झालेला तलाठी' म्हणायची. त्याच्याच जिवावर बातम्या वाचायची, मेलला उत्तरं द्यायची.

दिवाळी संपली आणि तलाठी गप्प झाला. मी साताऱ्यातूनच फोनवर सांगून टाकलं, "ताई, साउंडकार्ड गेलं असणार. जुनं मशीन आहे." बघितलं काहीच नव्हतं. सांगलीपर्यंत जायचा कंटाळा, एवढंच खरं. चार महिने तिचं वाचन बंद राहिलं.

शेवटी गेल्या रविवारी गेलो. लिनक्समध्ये आवाज टप्प्याटप्प्यानं खाली जातो. प्रोग्रॅम तो साउंड सर्व्हरकडे देतो, सर्व्हर सगळे आवाज एकत्र करून ड्रायव्हरकडे, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, आणि ड्रायव्हर कार्डाकडे. वरून सुरुवात केली. सर्व्हरच्या मीटरवर हिरवी पट्टी नाचत होती. म्हणजे तलाठी बोलत होता, फक्त ऐकू येत नव्हता. मी खुर्चीतच सरसावलो. ड्रायव्हर ठीक. कार्ड जिवंत. मग आवाज कमीजास्त करायचा मिक्सर पडद्यावर उघडला आणि सापडलं: मशीनच्या मते इअरफोन जोडलेला होता, म्हणून त्यानं स्पीकर आपणहून बंद ठेवला होता.

इअरफोन तर घरात कुठेच नव्हता. मोबाइलच्या उजेडात इअरफोनच्या भोकात पाहिलं. आत एक सोनेरी टोक मोडून बसलं होतं.

माझ्याच इअरफोनचं. भाऊबिजेला ताईच्या लॅपटॉपवर मॅच ऐकताना वायरीत पाय अडकून मी धडपडलो होतो, आणि तो इअरफोन न बघता पिशवीत कोंबला होता.

स्पीकर आपोआप बंद करणारा मिक्सरमधला तो एक पर्याय बदलला की काम झालं असतं. ताईला काही कळलंही नसतं. बोट बटणावर होतं.

"ताई, कार्ड गेलं नव्हतं. माझ्या इअरफोनचं टोक आत मोडलंय. मी न बघताच सांगितलं होतं तुला."

ती शेंगा सोलत होती. "म्हाईत हाय रं. कट्‌ आवाज आला तवाच कळलं. तू आपणहून कवा येतोस ते बघत हुते."

मला वर बघवेना.

"आता बोलकं कर आदी त्याला. लय मेल तुंबल्यात."

बटण दाबलं. तलाठी नाकातून बोलायला लागला, आणि ताईच्या हातातली शेंग तशीच राहिली.