करुणाच्या कफनावरचा हात

सव्वीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. चादरीवरचा डाग लांबून बघून सांगायचे – हे रक्त, हे आयोडीन, हा खाटेचा गंज. आम्ही ख्रिस्ती, उपासनेला जाणारी माणसं. पण चमत्काराच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा ठेवायला जायचे. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघड वाटतंय.

आमची वस्ती ताडकळसपासून दोन कोसांवर. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते पाथरीला एका जिनिंगमध्ये होते. तिथल्याच मशीनमध्ये त्यांच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट मधल्या पेरापासून गेलं, तेव्हापासून वॉचमन. पंधरवड्यातून एकदा घरी यायचे.

१९७८ चा ऑगस्ट. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव नुकताच झाला होता आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटत होत्या. आम्ही ख्रिस्ती असलो तरी गावाच्या लेखी आमची वस्ती तीच. एसटी बंद, दुकानं बंद. मी तेव्हा नर्सिंग शिकत होते, सुट्टीत घरी अडकले होते. नेमका त्याच वेळी माझ्या धाकट्या बहिणीला, करुणाला, ताप भरला. अकरा वर्षांची. ताप डोक्यात गेला. परभणीला न्यायला वाहन नाही... दादांना निरोप एका ट्रकवाल्याबरोबर मंगळवारी पाठवला. गुरुवारी सकाळी ती गेली.

शेजारच्या काकांनी बंद दुकानाच्या मागच्या दारानं कोरा मांजरपाट आणला. पांढरा दोरा घरात नव्हता, म्हणून कडा मी निळ्या दोऱ्यानं आत दुमडून शिवल्या. तिला मीच आंघोळ घातली, मीच गुंडाळून लाकडी पेटीत ठेवलं. आई पेटीवर झाकण ठेवू देईना.

"बापाचा हात लागल्याबिगर लेकराला कसं न्यायचं? त्यायला छातीवर हात ठेवून प्रार्थना करू द्या, मग न्या."

शुक्रवारी दुपारी चारपर्यंत थांबलो. पावसाळी दिवस. शेवटी चर्चच्या पाळकसाहेबांनीच आईला धरून बाजूला नेलं, आणि करुणाला माती दिली.

दादा रविवारी दुपारी आले. पाथरीपासून पायी. सरळ कबरीवर गेले आणि ओल्या मातीवर उजवा हात ठेवून बसले, ते संध्याकाळपर्यंत. आई लांब उभी होती.

"आता कशाला आलात?"

"रस्ता बंद व्हता."

"भिऊन बसला असाल तिथंच! लेकराला माती द्यायला बाप न्हाई आला."

दादा मातीवरचा हात उचलून घराकडे निघाले. त्यानंतर आई सहा वर्षं त्यांना ताट वाढायची, पण त्यांच्याशी बोलली नाही. १९८४ ला दादा वारले. त्यांना त्याच कबरस्तानात, मागच्या बाजूला, माती दिली.

१९८९ मध्ये रस्ता रुंद करायचं निघालं. पुढच्या रांगेतल्या कबरी हलवायच्या ठरल्या, त्यात करुणाची होती. सकाळी दहाची वेळ. आई तेव्हा परभणीला माझ्याकडे राहायची; रजा टाकून मी तिला घेऊन गेले होते. जमीन मुरमाड, पेटी सागाची, तरी फळ्या कुजून गेल्या होत्या. हाडं होती... लहान. आणि छातीवर मांजरपाटाचा टॉवेलएवढा तुकडा. बाकी कापडाचं नावसुद्धा उरलं नव्हतं.

तो उचलून मी उलटला.

आतल्या बाजूला तपकिरी रंगाचा हाताचा तळवा उमटला होता. उजवा. पाचही बोटं वेगळी मोजता येत होती आणि करंगळीशेजारचं बोट मधल्या पेरापाशी संपत होतं.

मी नर्ससारखीच बघायला लागले. कड तपासली – निळा दोरा होता, दुमड याच बाजूला होती, म्हणजे ही आतलीच बाजू, अंगाला लागणारी. करुणाचा हात म्हणावा तर तळवा मोठा. माझा हात वर धरला तर माझ्याहूनही मोठा. रक्त नाही, रक्ताचा डाग वेगळा वाळतो. गंज म्हणावा तर खिळे कडेला होते. कापड दुकानातून कोरं आलेलं. दादा आले ते माती दिल्यावर दोन दिवसांनी.

आई जवळ येऊन खाली बसली. तिनं काही तपासलं नाही. आपला हात त्या तळव्यावर ठेवला.

"ह्यो त्यायचा हात हाय."

"आई, डाग हाय तो. मुळ्यांचा असंल, फळीचा असंल."

"तू डाग बघ, बाई. मला हात दिसायलाय." मग तिचा आवाज फुटला. "आले व्हते गं ते. लेकराला हात लावून गेले. आन् मी सा वर्सं त्यायला..."

कबर खणणारी माणसं टोप्या काढून बाजूला झाली. थोड्या वेळानं आईनं मला विचारलं, "मंग उशीर का झाला? वाटंत काय झालतं त्यायला? तुला ठावं हाय का?"

मला माहीत होतं. त्या रविवारी दादा न्हाणीत गेले तेव्हा मी पाणी द्यायला गेले होते. त्यांच्या पाठीवर काठ्यांचे वळ होते, खांद्यापासून कमरेपर्यंत, काही फुटलेले. कुठल्या गावाजवळ अडवलं, किती जण होते, मी काहीच विचारलं नाही. हळद लावली. दादा एवढंच म्हणाले, "आईला सांगू नको. भियील. तुला हास्टेलला जाऊ देणार न्हाई." आणि मी नाही सांगितलं. आधी त्यांच्या शब्दाखातर, मग माझ्या शिक्षणाखातर, आणि नंतर... नंतर इतका उशीर झाला होता की सांगायची लाज वाटायला लागली.

त्या सकाळी उघड्या कबरीपाशी मी आईला सगळं सांगितलं. ती मला रागावली नाही. उठली, कापड छातीशी धरून मागच्या बाजूला दादांच्या कबरीपाशी गेली आणि तिथं बसून बोलायला लागली. काय बोलली ते ऐकायला मी गेले नाही.

आई गेली तेव्हा तो तुकडा तिच्याबरोबर पेटीत ठेवला. म्हणून आता दाखवायला माझ्याकडे काहीच नाही. लॅबमधल्या एका सहकाऱ्याला मी वर्णन सांगितलं होतं. तो म्हणाला, लाकडातला रस उतरला असेल, आकार तुम्ही मनानं बघितला. असेल. मी स्वतःलाही हेच सांगून पाहिलं. पण लाकडाच्या रसाला अर्धं बोट कुठून कळलं?

कबरस्तानातून परभणीला परतताना एसटीत आई खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "तवाच सांगितलं असतंस तर..."

वाक्य तिनं पुरं केलं नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतरही कधी नाही.