नवसीनं सोडलेला प्रश्न

दमयंती मेहेर मूळची एडवणची, कोळ्याघरची. बाई तशी शांत, पण एकदा डोक्यात घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. बोईसरला कारखान्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस तयार करणारा एक खासगी वर्ग होता, तिथं ती शिकवायची. सत्त्याण्णव साली वर्गात कॉम्प्युटर आला. वर्गाचे प्रमुख भगवंतसर, त्यांनी त्याला हार घातला आणि फर्मान काढलं: यापुढे परीक्षा यावरच. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. वीसच्या खाली गुण, तर प्रमाणपत्र नाही, म्हणजे नोकरीही नाही.

सराव परीक्षेत कमलाकांतला एकतीस पडले. "बाई, निम्मी उत्तरं अंदाजानं ठोकून दिली," तो हसत म्हणाला. डोंगरातल्या पाड्यावरून येणाऱ्या नवसीला चौदा. अख्ख्या वर्गात हिच्यासारखा कामाला हात कुणाचा नाही, आणि चौदा! बाईंनी पाहिलं, तर पोरीनं सोडवलेच होते चौदा, आणि चौदाही बरोबर.

"अगं, बाकीच्यांना काहीतरी दाबायचंस."

"माहीत नाय ते कसं दाबू, बाई? आमच्याकडं कंद ओळखला नाय त हात नाय लावत. कडू कंद आधी चिरायचा, राख घालून उकडायचा, मग वाहत्या पाण्यात ठेवायचा. मधलं काय राहिलं त घरातले आजारी पडतात."

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या तडक सरांकडे गेल्या.

"रसायनांची नावं, धोक्याच्या खुणा विचारायला चार पर्याय ठीक आहेत, सर. कामाचं तसं नाही. पायऱ्या उलटसुलट देऊ, पोरं क्रमाचे आकडे टाकतील. आकडे मशीनला तपासता येतात."

"नसती उठाठेव कशाला, बाई?"

"उद्या ठोकून पास झालेल्यानं ॲसिड अंगावर उडवून घेतलं, तर कुणाला विचारायचं?"

सरांनी नाराजीनं होकार दिला. बाईंनी आठ दिवस खपून चाळीसपैकी वीस प्रश्न क्रम लावायचे काढले, ते कॉम्प्युटरचं काम जाणणाऱ्या पालघरच्या एकनाथनं मशीनमध्ये बसवले. यात काही दम नाही हे दाखवायला सर स्वतःच पहिले बसले. ॲसिड पातळ करायच्या प्रश्नात त्यांनी आधी ॲसिड घेतलं आणि वरून पाणी ओतलं. पडद्यावर 'चूक' उमटलं. ॲसिडवर पाणी ओतलं, की ते उसळून अंगावर येतं. सर चष्मा पुसत उठले आणि "हेच प्रश्न ठेवा," म्हणाले.

खऱ्या परीक्षेत कमलाकांतची ठोकाठोक सोळावर अडकली. तो निमूटपणे फेरपरीक्षेच्या तयारीला लागला. नवसीला बत्तीस पडले. बाईंचा जीव भांड्यात पडला. क्रमाच्या वीसपैकी एकोणीस बरोबर होते आणि एक कोरा. डोळ्यात ॲसिड उडालं तर काय काय करायचं, तो.

"हा गं का सोडलास?"

"हे तुमी शिकवलंच नाय, बाई."

बाईंनी टिपणवही काढली, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. खरंच नव्हतं; प्रश्न काढताना शिकवलंय असंच त्यांनी धरलं होतं. वर्षभर ॲसिड हाताळायला दिलं आणि हेच राहिलं! त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे कसे धुवायचे ते शिकवायला त्यांनी सगळ्या वर्गाला नळापाशी उभं केलं. प्रमाणपत्र मिळालेली नवसीसुद्धा आली होती, सगळ्यांत पुढे.