अमेरिकेत मेलेला नेव्ह

हल बंदरातल्या आमच्या हेसल रोडवर दोन नेव्ह आहेत. एक कोळशाची गाडी चालवतो, तो जिवंत नेव्ह. दुसरा माझ्या आईचा भाऊ, नेव्हिल ट्रॅनमर, मिसेस ब्लेंकिनच्या दुकानात मासे तळतो, तो मयत नेव्ह. हे नाव कुणाला वावगं वाटत नाही. गोदीत आता बोटी उरल्या नाहीत, पण थट्टा उरली आहे. रांगेतूनच कुणीतरी ओरडतं, "मयता, एक हॅडॉक मासा, दोन बटाट्याच्या पॅटी, आणि मीठ सढळ हातानं घाल, तुला कुठं तब्येत सांभाळायचीय!" नेव्ह अंकल हसत नाही, चिडतही नाही. मीठ मात्र सढळ घालतो.

मला कुणाचाही आवाज काढता येतो. शाळेतले मिस्टर रिलाट नाकातून बोलतात ते, मिसेस ब्लेंकिनची कवळी घातल्यावरची बोली आणि काढल्यावरची बोली, शेजारच्या कुत्र्याचं आणि त्याच्या मालकाचं भांडण, दोन्ही बाजूंनी. घरात फक्त एका माणसाची नक्कल करायला बंदी आहे. लहान असताना मी एकदा नेव्ह अंकलसारखं "पुढचं कोण?" असं म्हटलं, तर आईनं बटाटे सोलायची सुरी खाली ठेवली.

"त्याची नाही, लोरेन. त्याची नक्कल एकदा केलीय कुणीतरी. तेवढी पुरे झाली."

ती नक्कल माझ्या जन्माआधीची. पासष्ट सालची.

नेव्ह अंकल तेव्हा गायचा. चार पोरांचा बँड होता, 'द बॉबर्स'. ट्रॉलरमधली मासळी पहाटे उतरवणाऱ्यांना आमच्याकडे बॉबर म्हणत, आणि चौघांचेही बाप नाहीतर काका त्याच कामावरचे. त्यांची दुसरी रेकॉर्ड इथं आठवडाभर वाजली आणि विसरली गेली, पण अमेरिकेत वर चढत राहिली. त्या वर्षी तिकडच्या पोरींना इंग्लंडातून आलेलं काहीही हवं होतं. आमच्या चौघांनी स्टेजवर नुसतं खोकून दाखवलं असतं तरी त्या किंचाळल्या असत्या. मॅनेजरनं दौरा ठरवला, गावोगावी पोस्टरं लागली, चौघांची नावं छापली गेली. गायक, नेव्ह ट्रॅनमर, हल, इंग्लंड.

आमच्या गल्लीत माणूस समुद्रावर निघायच्या दिवशी घरात कपडे धूत नाहीत. धुतले तर पाण्याबरोबर तोही वाहून जातो. दारातून हातही हलवत नाहीत, लाटेला ते बोलावणं वाटतं. आजीनं एकदा त्या दिवशी भांड्यांचं एक फडकं धुतलं होतं, फक्त एक, आणि आजोबांची ट्रॉलर आइसलंडच्या बाहेर बर्फात गेली ती गेलीच. मरेपर्यंत आजी त्या फडक्याबद्दल बोलायची, आजोबांबद्दल फारसं नाही.

आई, म्हणजे मॉरीन, तेव्हा सोळा वर्षांची. विमानाला कुठं समुद्र लागतो, असं तिला वाटलं. भूगोल तिला कधीच आला नाही.

"मॉरीन, माझा झालरीचा शर्ट कुठाय?"

"दोरीवर. अमेरिकेनं तुला मळका बघायला नको म्हणून..."

नेव्ह अंकल मागच्या अंगणात गेला. वारा होता. शर्ट फुगला होता, त्याच्या बाह्या हलत होत्या आणि वर डोकं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात आजी तोंडावर एप्रन धरून उभी. त्यानं बॅग उचलली, स्टेशनवर गेला, बाकीच्या तिघांना गाडीत चढू दिलं आणि स्वतः फलाटावरच राहिला.

पोस्टरं तर लागलेली होती. मॅनेजरनं ओहायोमधला एक पोरगा उचलला, केस कपाळावर ओढले आणि त्याला नेव्ह ट्रॅनमर करून टाकलं. त्याला ताकीद होती: बोलायचं ते इंग्लिश माणसासारखं, हॉटेलात, पेट्रोल पंपावर, सगळीकडे. कुणाला पत्ता लागला नाही. बँडचा ड्रमर अजून पबमध्ये सांगतो, "खरं सांगू का नेव्ह, खोटा नेव्ह जास्त चालला."

मग हिवाळ्यात आमच्या गावच्या पेपरात आलं: हलचा तरुण गायक नेव्हिल ट्रॅनमर, अमेरिकेत बर्फावर गाडी उलटून ठार. नेव्ह अंकल तेव्हा बेकरीच्या रांगेत उभा होता. पुढची बाई पेपर वाचत होती. तिनं सहज मागं वळून पाहिलं आणि तिच्या हातातले पाव खाली पडले. दुसऱ्या दिवशी पेपरानं तळाला दोन ओळींत चूक सुधारली. तळाचं कोण वाचतं?

तेव्हापासून तो गात नाही. वाढदिवसालासुद्धा नुसते ओठ हलवतो. बोलतो तेही शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपलंय अशा आवाजात. आईला त्यानं एकदाच सांगितलं होतं: "शर्ट माझा होता, मॉरीन. पाणी माझ्यासाठी आलं होतं. मी घरी बसलो म्हणून ते माझ्या आवाजावर गेलं आणि तिथं जो सापडला त्याला घेऊन गेलं."

गेल्या मे महिन्यात, एका शनिवारी दुपारी, दारावरची घंटा वाजली. मी दार उघडलं. बुटकीशी म्हातारी, डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी, गळ्यात कॅमेरा, छातीवर सहलीच्या कंपनीचा बिल्ला.

"नेव्हिल ट्रॅनमर इथंच राहतात ना, हनी?" हे अमेरिकन बोलणं मी आजवर टीव्हीवरच ऐकलं होतं, प्रत्येक शब्दाला ऐसपैस बसायला खुर्ची दिल्यासारखं. "आमची बस यॉर्कचं चर्च बघतेय, मी गाडी पकडून इकडे आले. माशांच्या दुकानात विचारलं, तर त्यांनी मलाच विचारलं, मेलेला हवा का जिवंत."

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, मेलेला." ती हसली नाही. "मी व्हर्ना कोवालचिक. टोलीडो, ओहायो. त्याच्या जागी जो गायला, युजीन, त्याची आई."

स्वयंपाकघरात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि मागचं दार उघडून बंद झालं.

आईनं तिला आत बसवलं, चहा दिला. मिसेस कोवालचिकनं कप हातात धरला, प्यायली नाही.

"बँड आमच्या टोलीडोलाही आला होता," ती म्हणाली. "आमच्याच गावात. मी तिसऱ्या रांगेत होते. माझा मुलगा स्टेजवर आला आणि म्हणाला, शुभ संध्याकाळ टोलीडो, तुमच्या सुंदर गावात मी पहिल्यांदाच येतोय. ज्या थिएटरात तो लहानपणी तिकिटं फाडायचा, तिथं! माझ्या शेजारी त्याची शाळेतली बाई बसली होती, तिनं टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या दाराशी गेले. पोरींचा घोळका होता. मी म्हटलं, युजीन. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याच आवाजात म्हणाला, 'बाहेर फार थंडी आहे, बाईसाहेब. गाडीत जाऊन बसा.' बाईसाहेब! मला!"

"पोरी ऐकत होत्या ना," आई हळूच म्हणाली.

"ते मला आज कळतं. तेव्हा राग आला. मी म्हटलं, माझा मुलगा कुठं भेटला तर त्याला निरोप सांगा, घरी ताट वाढून ठेवलंय. आणि निघून आले. त्याच आठवड्यात गाडी उलटली." तिनं कप खाली ठेवला. "आता मला त्याचा स्वतःचा आवाज आठवतच नाही. आठवायला गेलं की तो दारातला येतो. तो माझा मुलगा होता की तुमच्या भावाचा आवाज होता, एवढंच कळायला हवं. मला फक्त ते वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

आई मागच्या दाराशी गेली. मी तिच्या मागं. नेव्ह अंकल कपड्यांच्या दोरीच्या खांबाला टेकून उभा होता.

"नाही, मॉरीन. मी तोंड उघडलं आणि तिचा पोरगा बोलला तर?"

"बाई अख्खा अटलांटिक ओलांडून आलीय, नेव्ह. तू स्वयंपाकघर ओलांड."

तो आत आला. बसला नाही. गालिच्याकडे बघत म्हणाला, "बाहेर फार थंडी आहे, बाईसाहेब. गाडीत जाऊन बसा."

आमच्या हेसल रोडचं बोलणं तुम्ही ऐकलेलं नसेल तर सांगते, इथं जबडा हलवत नाहीत. तोंड उघडलं तर वारा आत शिरेल अशा बेतानं निम्मे स्वर आतच ठेवतात. त्यात त्याचा तो दबका सूर. मिसेस कोवालचिक कान पुढं करून ऐकत होती.

"पुन्हा?"

तो पुन्हा म्हणाला.

तिनं तोंडावर हात धरला. मला वाटलं रडतेय, पण खांदे भलतेच हलत होते.

"हे? हल म्हणजे हे? अहो, तो असं नव्हता बोलत! तो..." तिनं हनुवटी वर केली, ओठांचा चंबू केला, आणि आमच्या बैठकीच्या खोलीत एक भलताच माणूस येऊन उभा राहिला. निम्मा राजवाड्यातला बटलर, निम्मा गोठ्यातला गुराखी. "बाऽहेर फाऽर थंडी आहे, बाईसाऽहेब! गाडीत जाऊन बसा!" आणि 'बसा'वर तो आवाज धप्पकन ओहायोच्या बोलीत पडला.

असलं इंग्लिश अख्ख्या इंग्लंडात कुणी बोलत नाही. मी खो खो हसले. आई हसली. आणि मग ते हसू आमच्या तोंडातच थांबलं, कारण मिसेस कोवालचिकनं स्वतःचाच आवाज ऐकला होता. ती हवेत बघत राहिली.

"शेवटचा शब्द," ती म्हणाली. "शेवटचा शब्द त्याचाच होता. आणि आधीचं सगळं त्यानं आपल्याच डोक्यानं बनवलेलं. म्हणजे दारात तोच होता. माझ्याशी युजीनच बोलत होता."

"मग मी तिथं नव्हतोच," नेव्ह अंकल म्हणाला.

"नाही, मिस्टर ट्रॅनमर. तुम्ही तिथं कधीच नव्हता."

त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं मला वाटलं होतं. दिसली नाही. वीस वर्षं एखादी खोली कुणासाठी तरी बंद ठेवावी आणि कळावं की तो माणूस तिथं कधी उतरलाच नव्हता, तसा तो उभा होता. "मग एवढी वर्षं मी काय करत होतो?" त्यानं विचारलं, आणि ते नेमकं कुणाला विचारलं ते कळलं नाही.

आईला राहवलं नाही. "शर्ट मी धुतला होता, मिसेस कोवालचिक. निघायच्या दिवशी." आणि तिनं सगळं सांगून टाकलं, दोरी, वारा, आजीचं फडकं.

म्हातारीनं नीट ऐकून घेतलं. "मीही धुतला होता," ती म्हणाली. "युजीन बसमध्ये चढला त्या सकाळी. इस्त्रीसुद्धा केली. मुलगा बाहेर निघाला तर काय मळका शर्ट घालून पाठवायचा?"

तिनं गार झालेला चहा एका दमात संपवला.

आम्ही तिला फाटकापर्यंत सोडलं, आईनं आमचा फोन नंबर लिहून दिला आणि घरी पोचलात की कळवा म्हणाली. आईनं हात एप्रनच्या खिशात घातले, मीही जाकिटात घातले. ती कोपऱ्यापर्यंत गेली, वळली आणि अमेरिकन लोक हलवतात तसा अख्खा हात हलवला. नेव्ह अंकलचा हात वर गेला.

"नेव्ह! हात खाली घे!"

त्यानं घेतला नाही. ती दिसेनाशी झाली तरी तो हात वरच होता.

पुढचे दिवस आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. आई प्रत्येक बातमीला रेडिओ मोठा करायची, कुठं विमान पडलं का म्हणून. मळक्या कपड्यांची टोपली भरून वाहू लागली, तरी तिनं नळाला हात लावला नाही. नेव्ह अंकल दुकानातून आला की बोटानंच विचारायचा, फोन? आई मान हलवायची.

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो आणि पॅसेजमधला फोन वाजला. मी उचलला. आधी नुसती सरसर, किनाऱ्यावर खडे ओढले जातात तशी. मग तो आवाज, हनुवटी वर, चंबू केलेला:

"शुभ संध्याऽकाळ, हल! निरोप मिळाऽला. घरी पोचलो. जेवलो."

'जेवलो'वर तो धप्पकन खाली पडला, तिनं आमच्या खोलीत पाडला होता तस्साच. तीच असणार. दुसरं कोण असेल? मला माणसांचे आवाज ओळखता येतात, आणि तिचा मी तासभर ऐकला होता. पण त्यानंतर कुणीतरी हसलं, आणि ते हसू तरुण होतं. मग फोन बंद झाला.

मी परत आले. नेव्ह अंकलचा काटा हातातच होता.

"कोण होतं?"

मी आईकडे पाहिलं. मग हनुवटी वर केली आणि जसं ऐकलं तसं सगळं म्हणून दाखवलं, हसण्यासकट.

नेव्ह अंकलनं काटा ताटात ठेवला. बराच वेळ तो माझ्या तोंडाकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

मी पुन्हा म्हटलं. आई रश्शाचं भांडं हातात धरून बसली होती. तिनं मला अडवलं नाही.