तापवलेलं तेल

त्या दिवशी सकाळी हौसाआते आपणहून म्हणाली, "सानिका, आज तू चोळ गो पाय." तीन वर्षांत पहिल्यांदा.

पावस गावच्या वाड्यांतली किती पोरं आतेच्या नडग्यांवर पालथी पडून न्हाली, ते तिलाही सांगता यायचं नाही. बाळंतिणीला तेलाने चोळायचं, कढत पाणी घालायचं, ओव्याची धुरी द्यायची, आणि तोंड सारखं चालू. कोणाची सून रुसली, कोणाची म्हैस सुटली. सानिका तिची भाची, लहानपणीच आई गेलेली. आतेनेच वाढवलीन, हात पण तिनेच शिकवलान. "बोलता बोलता समोरचं माणूस झोपलं, की समज हात लागला," म्हणायची.

मग तीन वर्षांपूर्वी सानिका मुंबईत जाऊन थाई मसाज शिकली नि समुद्रावरच्या रिसॉर्टात लागली. घरी येऊन कौतुकाने सांगायला बसली. थायलंडची बाई शिकवते, अंगावर कपडे असतात, अंगठ्याने नि कोपराने दाबायचं, मध्ये कोणी एक शब्द बोलायचा नाही.

"कपड्यांसकट? मग परटाकडेच टाक की माणसाला."

"अगो आते, तिथे लोक शांत पडायलाच येतात."

"मुक्या हाताने मढं धुतात, बाय. जिवंत माणूस नाय."

"पण आधी ती बाई हात जोडते, मगच अंगाला हात लावते."

आते जरा थांबली. ती पण तेलाचा पहिला थेंब भुईला द्यायची. "हां. मग बाई बरी असेल," म्हणाली. पण सानिकाचा हात काय अंगाला लावून घेतलान नाही. पुढे पाय सुजले, दम लागायला लागला, तरी शेजारच्या मालनला बोलवून चोळून घ्यायची. सानिका बाजूला बसून बघायची. ते तिला फार लागायचं.

म्हणून त्या सकाळी तिला काय करू नि काय नको झालं. पिशवीतून रिसॉर्टातली वासाच्या तेलाची बाटली काढलीन.

आतेने नाक मुरडलंन. "हे काय, अगरबत्ती लावतेस काय मला? जा, घरचं खोबरेल तापव."

वाटीभर तेल तापायला असा किती वेळ लागतो? बोट बुडवून बघितलंन, कोमट वाटलं, अजून जरा ठेवलंन. बाहेर आली तर आते भिंतीला टेकून तशीच बसलेली, आणि रोजच्यासारखी चोळायला आलेल्या मालनने तिचा हात धरलेला.

"सानिका, आते गेली गो."

आतेची शिस्त अशी, की तापवलेलं तेल परत बाटलीत ओतायचं नाही. ज्याच्या नावाने तापवलं त्याच्याच अंगात जिरवायचं. सानिका खाली बसली. पहिला थेंब भुईला दिलान नि आतेचा पाय मांडीवर घेतलान.

"आता कशाला गो?" मालन म्हणाली.

सानिकाने तेलात बोटं बुडवलीन. एक पाय मुक्या हातानेच झाला. दुसऱ्याला हात घातलान आणि तोंड उघडलंन. "आते, खालच्या वाडीतल्या रघूला मुलगी झाली. नाक बापासारखंच बसकं आहे. तू असतीस तर ओढून सरळ केलं असतंस..." वाटी रिकामी होईस्तोवर बोलत होती. मालन पदर तोंडात धरून ऐकत होती.

तेरावं झालं नि सानिका कामावर गेली. पुण्याची एक बाई आलेली, खांदे नुसते दगड. तिने तेलाचा मसाज मागितलेला. खोलीत मंद दिवा, बारीक बासरी. सानिकाने हात जोडलेन, एक थेंब फरशीला दिलान नि चोळायला लागली. थोड्या वेळाने बाईने मान वर केलीन.

"काय म्हणालात?"

सानिका चरकली. "काय नाय मॅडम. सॉरी."

"म्हशीचं काहीतरी सांगत होतात. मग सापडली का ती?"

सानिकाने दाराकडे बघितलंन. मॅनेजर नव्हता. "सापडली," म्हणाली, "पण कशी, ते ऐका."

म्हैस अजून कलमांच्या बागेतच होती, तोवर बाई घोरायला लागली. सानिकाने आवाज बारीक केलान, आणि म्हैस गोठ्यात आणून बांधलीन तेव्हाच थांबली.