बार्टलीच्या घराची चूल

रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपली की फेस्टी घरी यायचा, चांगला कोट खुंटीला लावायचा आणि चुलीशेजारच्या ढिगातून चार विटा काखेत मारून पुन्हा बाहेर पडायचा. दलदलीतून कापून उन्हावाऱ्यात वाळवलेल्या जळाऊ मातीच्या विटा. आयर्लंडच्या त्या पश्चिम किनाऱ्यावर झाडंच नव्हती, तेव्हा सरपण म्हणून तेवढंच. बोळ ओलांडला की समोर बार्टलीचं घर. दाराला कुलूप नसायचं. फेस्टी आत जाऊन चूल पेटवायचा, खिडक्या उघडायचा आणि धूर नीट वर चढतोय ना, हे बघायला अंगणात येऊन उभा राहायचा. त्या घरात कोणी राहत नव्हतं. बार्टली इंग्लंडात होता.

"निघाली स्वारी!" फेस्टीची बायको नॅन पीठ मळता मळता म्हणायची. "स्वतःच्या घरात वारा शिट्ट्या घालतोय आणि हा चाललाय ओसाड घराला शेक द्यायला! अरे, तिथे उंदीरसुद्धा राहायला तयार नाही."

"आग नसली की भिंती ओल धरतात," फेस्टी म्हणायचा. रविवारचं त्याचं बोलणं साधारण तेवढ्यावर संपायचं.

फेस्टी आणि बार्टली एका होडीवरचे. पोरवयापासून दोघांनी मिळून शेवंडांचे पिंजरे टाकले, मिळून मार खाल्ला. फेस्टीच्या लग्नात सगळ्यांत जास्त नाचला तो बार्टलीच. बार्टली बोलका, फेस्टी मुका. देवाने दोघांत मिळून एकच जीभ दिली आणि ती बार्टलीने पळवली, असं गावात म्हणायचे.

फेस्टीची मुलगी डेलिया नॅनच्या पोटात असतानाच बार्टली रस्त्याच्या कामांवर इंग्लंडला गेला. "नाताळला येतो, तोवर घराकडे बघ," एवढंच बोलून गेला. एकदोन नाताळ आलाही. मग येईनासा झाला. काही वर्षं कार्डं येत राहिली, मग तीही थांबली. फेस्टीने होडीवर दुसरा जोडीदार घेतला नाही. एकट्याला झेपतील तेवढेच पिंजरे तो टाकायचा. बार्टलीचं छप्पर मात्र दरवेळी स्वतःच्या आधी शाकारायचा.

नॅन छातीच्या दुखण्याने गेली तेव्हा डेलिया शाळेत होती. फेस्टीने कोणाजवळ दुःख बोलून दाखवलं नाही. तो पाव भाजायला शिकला. सुरुवातीला पाव दगडासारखा व्हायचा आणि बापलेक तो चहात बुडवून मुकाट्याने खायची. पुढे डेलियाच्या पहिल्या नाचाच्या वेळी तिच्या झग्याची कड उसवली. शेजारणीकडे जाऊ का, असं ती विचारायच्या आत फेस्टीने जाळी शिवायचा दोरा काढला. नाचाला मैत्रिणींनी ती कड बघितली आणि हसून हसून त्यांची मुरकुंडी वळली. "अगं, नाचायला आलीस की बांगडे पकडायला?" झगा पुढे विरून गेला, कड काही सुटली नाही.

तरी एक गोष्ट डेलियाला सलायची. बाबा सगळं करायचे, पण बोलायचे नाहीत. ती नर्सिंग शिकायला गॉलवेला निघाली, तेव्हा तिची ट्रंक खांद्यावर घेऊन फेस्टी थांब्यापर्यंत आला. बस हलली. आता तरी काही म्हणतील, असं तिला वाटलं. त्याने काचेवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "खिडकी लाव. वारा आहे." डेलिया गॉलवेपर्यंत रडत गेली.

ती नर्स होऊन बरीच वर्षं लोटल्यावरची गोष्ट. उन्हाळ्यात ती सुट्टीवर घरी आली होती. गावातलाच एक जण इंग्लंडातल्या हडर्सफील्डहून आला होता, तो चर्चच्या फाटकात फेस्टीला म्हणाला, "बार्टली ना? दिसला होता की. कामावर पडला, पाय अधू झालाय. एका खोलीत एकटाच असतो. मी हाक मारली, तर तोंड फिरवून गेला बघ."

फेस्टी नेहमीसारखा चूल पेटवायला गेला. बराच वेळ आला नाही, म्हणून डेलिया बघायला गेली. विटा मांडीवर घेऊन तो थंड चुलीसमोर बसला होता.

"पोरी," तो म्हणाला, "इंग्लंडला कसं जातात?"

गॉलवेच्या पुढे कधी पाऊल न टाकलेला माणूस. डेलियाने रजा वाढवली आणि त्याच्याबरोबर निघाली. बोटीवर तो आत बसायला तयार होईना. कठड्याला धरून उभा राहिला आणि मागे पडत जाणाऱ्या किनाऱ्याकडे बघत एकदम बोलायला लागला.

"होडी एक होती. तुझी आई आली, मग तू यायची होतीस. एका होडीवर दोन घरं चालेनात. एक दिवस पिंजरे ओढता ओढता तो म्हणाला, फेस्टी, मला समुद्राचा कंटाळा आलाय. बार्टलीला समुद्राचा कंटाळा! अगं, तो पाळण्यात होता तेव्हापासून त्याच्या अंगाला मिठाचा वास." तो थांबला. एवढं लांब बोलताना डेलियाने बाबांना कधी ऐकलं नव्हतं. "खोटं बोलतोय, हे मला कळत होतं. मला कळतंय, हे त्याला कळत होतं. दोघांनी मिळून पिंजरा वर घेतला. बस्स."

बार्टलीची खोली तीन जिने वर होती. दार उघडलं ते पांढऱ्या दाढीच्या, काठी टेकणाऱ्या माणसाने.

"म्हातारा झालास रे," बार्टली म्हणाला.

"तूही."

"ही कोण? तुझी?"

"डेलिया. नर्स आहे," फेस्टी म्हणाला, आणि त्या एका शब्दात इतका अभिमान होता की डेलियाला कुठे बघावं ते कळेना.

तिने चहा केला. बार्टलीने हवापाण्याच्या गप्पा मारल्या, गावातल्या मेलेल्या माणसांची चौकशी केली, विनोदही केले. मग फेस्टी म्हणाला, "तुझं घर कोरडं आहे. चल."

बार्टलीचा चेहरा उतरला. "काय तोंड घेऊन येऊ? सगळे येतात ते मोटारी घेऊन, पोरंबाळं घेऊन. मी काय घेऊन येऊ? ही काठी?"

"काठ्या आपल्याकडेही मिळतात," फेस्टी म्हणाला.

"थट्टा करू नकोस. मी येणार नाही. जा तू."

फेस्टी गेला नाही. वादही घातला नाही. सकाळी यायचा, खिडकीजवळ बसायचा. बार्टलीचे मोजे रफू केले, खुर्चीचा डुगडुगणारा पाय ठोकून बसवला, बटाटे सोलून ठेवले. बार्टली चिडला, ओरडला, दोन दिवस अबोला धरून बसला. पण फेस्टीपुढे अबोला धरणं म्हणजे समुद्रावर पाणी शिंपडणं. शेवटी बार्टलीनेच हात टेकले.

"डेलिया, तिकीट काढ बाई माझं. हा माणूस नुसता गप्प बसून जीव घेईल माझा."

बार्टली गावात परतला. पहिल्यांदा आपल्या घरात शिरला तेव्हा त्याने भिंतीला तळवा लावून बघितला. देवाने दिलेली जीभ त्या दिवशी त्याच्याही कामाला आली नाही.

त्यानंतरची वर्षं डेलियाच्या आठवणीत सगळी एकाच रंगाची आहेत. ती गॉलवेहून आली की थांब्यावर दोघं उभे. एकाच्या हातात काठी, एकाच्या हातात तिच्यासाठी जास्तीचा कोट. संध्याकाळी दोघं अंगणाच्या दगडी गडग्याला पाठ लावून बसायचे. बार्टली बोलायचा आणि फेस्टी ऐकायचा. बार्टलीची खोटी प्रौढी फार झाली की फेस्टी नुसता खोकायचा.

"बघ, बघ!" बार्टली म्हणायचा. "तुझा बाप आज भाषणावर आलाय."

आणि मग एका मार्चमध्ये फेस्टी गेला. खळ्यात लावणीसाठी बटाट्याचं बेणं कापायला बसला होता, तिथेच कलंडला. सापडला तो बार्टलीलाच. डेलिया पोचली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. बार्टली उशाशी बसून होता आणि कोणाशीही एक शब्द बोलत नव्हता.

दफन झालं, पाहुणे पांगले. डेलिया खळ्यात गेली. कापलेले बटाटे टोपलीत पडले होते. प्रत्येक फोडीला डोळा ठेवून नेटका काप घेतलेला. टोपलीत अर्धेच होते, बाकीचे पोत्यात. ती टोपलीशेजारी बसली आणि तिला वाटलं, एकदा, फक्त एकदा बाबांनी आतून हाक मारावी. काही सांगायला नको. नुसतं "पोरी" म्हटलं तरी चालेल.

दारात काठी वाजली. "बेणं वाळून जाईल," बार्टली म्हणाला. "ऊठ."

किनाऱ्यावरचं शेवाळ खत म्हणून त्यांनी टोपल्यांनी वाहून आणलं, वाफ्यांवर पसरलं, फोडी मांडल्या, वर माती ओढली. बार्टलीचा पाय साथ देत नव्हता आणि शेतीची त्याची सवय जन्मभराच्या डांबराखाली गाडली गेली होती. तरी तोंड सुरू झालं होतं. "अगं, सरळ! वाफा आहे की इंग्लंडचा रस्ता?" डेलिया फावडं टेकून उभी राहिली आणि, हे असंच ना, हे बाबांना विचारायला तिने मागे वळून बघितलं. मागे गडगा होता आणि त्यापलीकडे समुद्र. बार्टलीने ते पाहिलं. माती ओढता ओढता म्हणाला, "मी पण वळतो. दिवसातून दहादा."

जुलैत ती परत आली. थांब्यावर एकटा बार्टली. दोघांनी पहिले बटाटे काढले, सालीसकट उकडले आणि ताटं घेऊन बाहेर येऊन बसली. लोणी वितळून बटाट्यांवरून ओघळत होतं. असे पिठाळ बटाटे कैक वर्षांत झाले नव्हते.

"काका," डेलियाने विचारलं, "बाबा असते तर आज काय म्हणाले असते हो?"

"फेस्टी?" बार्टलीने बटाट्याचं साल सोलून काढलं. "काही नाही. आणखी एक घेतला असता."

डेलिया हसली. हसता हसता तिला रडू फुटलं आणि मग ते आवरेना. बार्टलीने तिच्याकडे बघितलं नाही. पातेल्यातला एक बटाटा त्याने अलगद तिच्या ताटात ठेवला आणि सालं एकेक करून कोंबड्यांकडे फेकत राहिला.