पप्पांना दोन्ही हेडसेट सारखेच वाटले

मंडळी, पायलटच्या ट्रेनिंगसाठी मला हेडसेट घ्यायचाय. सिनियरकडून आज दोन आणले, तुलना करायला. एक साधा, कान नुसते दाबून धरणारा. दुसरा बॅटरीवरचा, इंजिनची घरघर कापणारा.

उस्मानपुऱ्यातल्या घरात विमान कुठलं? आईनं घरघंटीत ज्वारी टाकली आणि मी दोन्ही घालून बघितले. साध्यात घरघर कमी झाली, बॅटरीवाल्यात जवळपास गेलीच.

मग पप्पांच्या कानावर चढवले. म्हणाले, "दोन्ही सारखेच हायेत गं. साधाच घे." हेडसेट काढला, तर म्हणाले, "आताबी तेवढंच ऐकू येतंय."

घरघंटी चालूच होती. आई माझ्याकडं बघायला लागली.

पप्पा वाळूजच्या एका कंपनीत जन्मभर धडाधड पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनवर होते. ऑडिटच्या दिवशी सगळ्यांना कानात घालायला प्लग मिळायचे. साहेब लोक गेले की सुपरवायझर ते परत जमा करायचा, पुढच्या ऑडिटसाठी. हा किस्सा पप्पा हसत सांगायचे. आम्हीपण हसायचो.

तुमच्या घरात टीव्ही मोठ्यानं कोण लावतं? आम्ही तर इतकी वर्षं त्यांच्यावरच ओरडत होतो.